थांबलं की जेवायचं

स्पीकर खोक्यातून वर उचलला आणि मला शिंका सुरू झाल्या. आमच्या दुकानात आजवर खोक्यांतून झुरळं निघाली, पालीची अंडी निघाली. एकदा एका मंडळाच्या डॉल्बीतून इतका गुलाल निघाला की आमचं मांजर आठवडाभर गुलाबी फिरत होतं. पण नाकाला मिरची झोंबवणारा वूफर मी पहिल्यांदाच पाहिला.

समोर स्टुलावर बसलेली बाई ओशाळली. "आमच्याकडं चटणी कुटायचा डंख होता," ती म्हणाली. "तिथंच ठेवलाय हा. मिरचीची धूळ गेली असंल आत."

मी जीनत. सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात आमचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान अब्बांचं. वजीरभाई म्हटलं की जुने लोक अजून ओळखतात. ते गेले तेव्हा दुकान विकू या, असं घरात सगळ्यांचं ठरलं होतं. मी सोडून सगळ्यांचं. बाई स्पीकर दुरुस्त करते याचं गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी नवल वाटतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला घाई असते. माझ्या जिभेला हाड नाही असं घरचे म्हणतात. ते खरं आहे, पण गिऱ्हाईक तरीही येतं.

वूफर म्हणजे टीव्हीच्या शेजारी ठेवतात ते चौकोनी खोकं. ॲम्प्लिफायर त्याच्या पोटातच असतो आणि पुढं एक मोठा गोल स्पीकर. गाण्यातलं नाजूक काही त्याला धड कळत नाही, बोलणं त्यातून पुसट येतं, धमक मात्र तो जोरात काढतो. या खोक्याचा तो गोल स्पीकरच कामातून गेला होता. कागदी कोनाला मधोमध भोक, कडा आत वळलेल्या, आतली कॉइल चेपून मॅग्नेटमध्ये रुतलेली. वरच्या काळ्या कापडालाही त्याच जागी भोक.

"उंदरानं कुरतडलं," बाई म्हणाली.

"उंदीर काठी घेऊन आलाता का?" मी म्हटलं. "उंदीर कडेची रबर खातो, ताई. मधोमध भाला मारत न्हाई."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग मलाच वाटलं, जाऊ दे, लोकांच्या घरात काय काय फुटत असतं. आपलं काम स्पीकर बदलण्याचं.

"नवा बसवावा लागंल," मी म्हटलं. "ह्याला जीव राहिला न्हाई."

"बसवा. आजच बसवा," ती म्हणाली. "हा चालला तरच आमचे अण्णा जेवतात. आठ दिवस झाले, संध्याकाळचं ताट तसंच परत जातंय."

वूफर वाजला तर जेवणारा माणूस! मी हातातलं काम खाली ठेवलं आणि चहा मागवला.

तिचं नाव श्रद्धा. साताऱ्याला एका शाळेत शिकवते, नवरा-मुलं तिकडंच. माहेर माधवनगर. वडील जयपाल अण्णा. माधवनगरच्या कापड गिरणीत त्यांनी उभी हयात कापड विणायच्या साच्यांवर काढली आणि त्या खडखडाटात कान घालवून बसले. आधी बारीक आवाज गेले, पाखरं, सायकलची घंटी, बायकोची हाक. मग माणसांचं बोलणं गेलं. जाड धमक तेवढी उरली, तीही कानाला कमी आणि अंगाला जास्त.

गिरणी बंद पडल्यावर आईनं, गुणमाला अक्कांनी, घराला लागून पत्र्याच्या खोलीत डंख टाकला. लोखंडी मुसळं चाकावर वर उचलली जातात आणि मिरचीवर धाडदिशी आदळतात, तो डंख. अख्ख्या माधवनगरच्या बायका वर्षाची कांदा-लसूण चटणी त्यांच्याकडं कुटायला आणायच्या. आणि गंमत अशी की अक्का स्वतः कांदा-लसूण जिभेला लावायच्या नाहीत. जैनाचं घर, त्यातून त्या नेमाच्या कडक. मीठ बरोबर पडलं का ते नुसत्या वासावर सांगायच्या म्हणे. माझा यावर विश्वास बसला नाही, पण मी चक्क गप्प बसले.

"आई चैत्रात गेली," श्रद्धा म्हणाली. "डंखाजवळच. छातीत कळ आली आणि खाली पडली. अण्णांनी पुढच्याच महिन्यात डंख विकून टाकला. तेव्हापासून ते भिंतीला हात लावून बसायचे. पलीकडं डंख असायचा ना, त्या भिंतीला. जेवण नको, काही नको. वाळून काटकी झाले."

तिच्या फोनमध्ये आईचं एक रेकॉर्डिंग होतं. चटणीची जाहिरात करायची म्हणून तिनं एकदा फोन फळीवर ठेवून व्हिडिओ चालू केला, आईनं पाट्या उचलायला हाक मारली म्हणून गेली आणि फोन तसाच विसरली. तासभर डंखाची धमक त्यात भरून राहिली. आई गेल्यावर तिला ते आठवलं. तिनं हा वूफर आणला, डंखाच्या जागेवर ठेवला, जुना फोन त्याला जोडून दिला. शेजारच्या हरणाबाई दुपार कलली की तो चालू करायच्या. भिंतीतून धमक आली आणि अण्णा जेवायला लागले.

"तेवढ्यानं?"

"तेवढ्यानंच. पाच महिने नीट जेवत होते. धमक लागली की चेहरा असा निवायचा त्यांचा. पण रेकॉर्डिंग संपायचं ना, मग थांबायचं. मला वाईट वाटलं. म्हटलं, एवढं एकच सुख उरलंय माणसाला, ते तरी कशाला तुटावं? म्हणून मी रिपीटवर टाकलं. आता थांबतच नाही. रात्री हरणाबाई बंद करतात तेवढंच." तिनं फुटक्या कोनाकडं पाहिलं. "आणि त्याच आठवड्यात हे असं झालं."

पोरीचं मन चांगलं होतं. मला माझे अब्बा आठवले, त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी रेडिओ त्यांच्या उशाशी लावून ठेवायचे, आणि ते हातानं बंद कर म्हणून खुणावायचे. ते का, हे मी तेव्हा विचारलं नाही.

मापाचा स्पीकर माझ्याकडं होता. तेवढाच घेर, तेवढाच ओम, म्हणजे विजेला तेवढाच अडथळा. ओम कमी घेतला तर ॲम्प्लिफायर जळतो, जास्त घेतला तर आवाज मरतो. टॉर्चचा सेल तारांना टेकवून पाहिला. कोन बाहेर उचलला की सेलच्या अधिकाकडची तार ती अधिक. जुनी खूण पुसून गेली असली की आम्ही असंच ओळखतो. कडेला नवी फोमची पट्टी चिकटवली, कारण हवा गळली की धमक फुसकी होते. स्क्रू समोरासमोरचे आवळले. खोकं पुसून आतली मिरची कागदात काढून घेतली. श्रद्धानं तो कागद मागून घेतला आणि पुडी करून पर्समध्ये ठेवला.

मग तिनं फोन जोडला आणि रेकॉर्डिंग लावलं.

धडाम. धडाम. धडाम. फळीवरचे स्क्रूचे डबे नाचायला लागले. बोळातला चहावाला डोकावून गेला. गणपतीत आमच्याकडं पोरं येतात, कॉइल जाळून आणतात आणि वर आवाज वाढवून द्या म्हणतात. त्या सगळ्या धांगडधिंग्यात मी कधी मान वर करत नाही. पण ही धमक वेगळी होती. तिला घाई नव्हती. कुणीतरी रोजचं काम रोजच्यासारखं करत होतं.

"हीच," श्रद्धा म्हणाली आणि रडायला लागली.

काम चांगलं झालं, असं मला वाटलं. तिच्या रिक्षात खोकं मीच ठेवून दिलं.

पंधरवडा गेला नसेल, रिक्षा पुन्हा बोळात आली. आत तेच खोकं, मांडीवर धरून श्रद्धा. मी न विचारताच कापड काढलं. नवा कोरा कोन, आणि मधोमध भोक.

मला संताप आला. मेहनत वाया गेल्यावर येतो तसा. "आता उंदीर म्हणू नका," मी म्हटलं.

"अण्णांनी केलं," ती खाली बघत म्हणाली. "मागच्या वेळीही त्यांनीच. मला माहीत होतं. बापाचं नाव कसं घ्यायचं, म्हणून उंदराचं घेतलं. विचारलं तर काही बोलत नाहीत. आणि जेवण पुन्हा बंद. नवा बसवला त्या दिवसापासूनच बंद." तिचा आवाज चढला. "मी काय करू सांगा ना. साताऱ्याला चला म्हटलं तर घर सोडत नाहीत. हा नसला तर जेवत नाहीत, आणला तर फोडतात. परवा उठताना झोक गेला त्यांचा. असंच चाललं तर हेही जातील हो माझ्या हातातून."

"मग?"

"पुढं लोखंडी जाळी बसवून द्या. जाड. काठी जाणार नाही अशी."

जाळी बसवणं काही कठीण नाही, मोठ्या डॉल्बींना असतेच. पण का कोण जाणे, मला ते पटेना. ज्या माणसाला एखादी गोष्ट हवी असते, तो तिच्यात काठी खुपसत नाही. "खोकं परत न्या, जाळी घेऊन मी तिथंच येते," मी म्हटलं. "जागा बघून बसवते. आणि तुमच्या अण्णांना बघते."

शनिवारी नवा स्पीकर आणि मापानं कापलेली जाळी पिशवीत घालून मी स्कूटरवरून माधवनगरला गेले. श्रद्धा सकाळीच साताऱ्याहून आली होती. दोन खोल्यांचं घर, पुढं अंगण, बाजूला पत्र्याची खोली. खोलीत सिमेंटचा चौथरा, त्यातून डंखाचे कापलेले बोल्ट वर आलेले. भिंतींच्या भेगा अजून लाल होत्या. चौथऱ्यावर मधोमध आमचं खोकं.

खोक्यापुढं पाट घेऊन मी स्क्रू काढायला बसले तेवढ्यात शेजारच्या हरणाबाई दारात आल्या. वयस्क, बोलक्या, कमरेवर हात.

"आवं, तुमीच का त्या डबडंवाल्या? कशाला बसिवताय पुन्यांदा? म्हातारा फोडतोय की त्ये."

"फुटलं म्हणून तर जेवत न्हाईत ना अण्णा," मी म्हटलं.

"कुनी सांगितलं? जेवायचं त्यांनी फुटायच्या आधीच सोडलंय. मी रोज ताट आनत्ये, मला ठावं न्हाई व्हय? ह्या पोरीनं त्ये थांबायचं बंद केलं बगा, तवापासनं. आधी कसं, त्ये थांबलं की म्हातारा आपसूक उठायचा, हातपाय धुवून पाटावर येऊन बसायचा. दिस मावळायच्या आत जेवून मोकळा."

स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातच राहिला. आम्ही दोघी शहाण्या, मी आणि श्रद्धा, त्या धमकेच्या मागं लागलो होतो. ताट वाढणारीला मात्र विचारायचं राहूनच गेलं होतं.

अण्णा अंगणात, त्या भिंतीला लागून ठेवलेल्या बाकड्यावर बसले होते. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, आणि त्या सदऱ्यात माणूस जेमतेम. हातात काठी. काठीच्या टोकाला लोखंडी टोपण होतं, माझ्या कोनाच्या भोकाएवढंच. मी त्यांच्या शेजारी बसले. फुटलेला स्पीकर त्यांच्यापुढं धरला, मग काठीला हात लावला आणि हातानंच विचारलं, का?

मला वाटलं होतं ते चिडतील. ते चोरी सापडलेल्या पोरासारखे हसले. मग हसू गेलं.

"थांबत न्हाई त्ये," अण्णा म्हणाले.

बहिऱ्या माणसाला आपण हळू बोलतोय असं वाटतं. ते माझ्या कानाशी वाकून बोलले, पण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आत स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज होता, तो थांबला.

"माजं कान गेल्यावर तिनं मला कवा हाक मारली न्हाई. हाक मारून उपेग काय? डंख थांबला की म्या समजायचं. दिस कलला, पाट्या आवरल्या, आता हातपाय धू, जेवायला ये. लय वरसं आमचं असंच चाललं. थांबलं की जेवायचं. तिनं कवा येळ चुकवली न्हाई, आन म्या बी."

मी मान हलवली. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला.

"त्या दिशी थांबंना. चैताचं दिस, मिरची लय आल्ती. म्या हितंच बसल्तो. भितीला हात लावला की धमक लागत हुती. म्हटलं, थांबंल आता. दिस टेकला. म्हटलं, आता तर थांबंल. दिस मावळला, पोरी. दिस मावळल्यावर आमी जेवत न्हाई, तुला ठावं हाय न्हवं? म्हंजे रातभर दोगं बी उपाशी. मला आला राग. म्हटलं, गिऱ्हाइकाची मिरची हिला माज्यापरीस मोटी झाली व्हय? कुट म्हटलं किती कुटतीस त्ये. म्या न्हाई येत आत. आन रुसून बसलो. भितीकडं पाट करून बसलो."

त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"ती आत पडल्ती. आन डंख एकलाच कुटत हुता."

हरणाबाई पत्र्याच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. त्या संध्याकाळी आपली चटणी न्यायला त्याच गेल्या होत्या, दिवे लागल्यावर. त्यांनीच अक्कांना पाहिलं आणि धावत जाऊन डंखाचं बटण बंद केलं.

"हिनं बटण बंद केलं," अण्णा त्यांच्याकडं बोट करून म्हणाले. "म्या भिताडाला टेकलेलो. धमक थांबली. तवा मला काय वाटलं ठावं हाय? वाटलं, आता आली व्हय आठवण. उठलो. आत जाऊन काय म्हनायचं त्ये बी ठरवलं हुतं. 'आता न्हाई जेवत म्या, ठेव झाकून', असं म्हनायचं हुतं. त्ये शबूद तोंडात घेऊन म्या आत गेलो."

अंगणातल्या तुळशीपाशी एक चिमणी उगाच उड्या मारत होती. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो, तेव्हा मी हातातल्या फुटक्या स्पीकरची फाटकी कड बोटानं सोलत बसले.

"वाचली नसती म्हंत्यात," थोड्या वेळानं ते म्हणाले. "डाक्टर बी म्हनला, जाग्यावर गेली. मला बी पटतंय. वाचली नसती. पर एकली कशाला गेली? म्या हितंच हुतो की. ह्या भितीच्या अलीकडं."

"मग हे?" मी खोक्याकडं हात केला.

"पोरीनं आनलं तवा लय ब्येस हुतं. दुपारच्याला धमक सुरू व्हायची. म्या बसायचो. मग थांबायची. थांबली रं थांबली की म्या उठायचो. जराबी येळ करायचो न्हाई. आत जाऊन उबा ऱ्हायचो, मग जेवायचो. आता..." त्यांचा आवाज फाटला. "आता थांबतच न्हाई. दिस कलतोय, त्ये कुटतंय. दिस मावळतोय, त्ये कुटतंयच. रोज. रोज त्योच दिस. बटण ठावं हाय मला, म्या गिरनीतला मानूस हाय. पर हात बटनाकडं गेलाच न्हाई. काठी गेली."

माझ्या मागं काहीतरी पडलं. श्रद्धा दारात उभी होती, हाताला पीठ, पायाशी उलथनं. अण्णांनी ते ऐकलं नाही. ती किती वेळ तिथं होती कोण जाणे, पण तिचा चेहरा पाहून मला कळलं की तिनं सगळं ऐकलं होतं. आई कशी गेली हे तिला माहीत होतं. अण्णा तेव्हा कुठं बसले होते आणि का, हे आजवर तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती पत्र्याच्या खोलीत गेली. मी तिच्या मागं गेले. ती चौथऱ्याच्या कडेला खाली बसली.

"मी त्यांना रोज त्या दिवसात नेऊन बसवत होते," ती म्हणाली. "मी. सुख म्हणून."

"तुला काय ठावं होतं गं," मी म्हटलं. ती गिऱ्हाईक आहे आणि तिला मी अहो-जाहो करते हे मी विसरून गेले. "माया केलीस तू. चुकली, पण मायाच होती ती."

"जाळी बसवणार होते मी, ताई. म्हणजे त्यांना ते थांबवताही आलं नसतं."

मी कामाला लागले. माणसाच्या दुःखापुढं मला करण्यासारखं तेवढंच येतं. फुटका स्पीकर बाजूला ठेवला, नव्याच्या तारा जोडल्या, सेल टेकवून पाहिला, फोमची पट्टी लावली. श्रद्धा स्क्रू एकेक करून माझ्या हातात देत होती. एक स्क्रू तिच्या हातून दोनदा खाली पडला. जाळी मी पिशवीतून बाहेरच काढली नाही.

मग तिनं फळीवरचा जुना फोन घेतला. पुन्हा-पुन्हा वाजण्याची ती खूण असते ना, दोन बाण गोल फिरलेले, ती तिनं स्वतःच्या बोटानं बंद केली. दुपार कललेलीच होती. तिनं रेकॉर्डिंग लावलं आणि आम्ही दोघी बाहेर आलो.

धडाम. धडाम. धडाम.

बाकड्यावरचे अण्णा ताठ झाले. त्यांनी भिंतीला हात लावला, आणि लगेच काढून घेतला. चेहरा निवणं वगैरे काही नव्हतं. ते भ्यायलेले होते. काठी त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. श्रद्धा त्यांच्यापुढं जाऊन बसली, त्यांच्या काठीवरच्या हातांवर आपले पिठाचे हात ठेवले, आणि मान हलवून, ओठ स्पष्ट हलवून म्हणाली, "थांबंल. आज थांबंल, अण्णा."

त्यांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

आम्ही सगळे तसेच बसलो. हरणाबाई आपल्या घरी गेल्या नाहीत. श्रद्धानं आत जाऊन उरलेल्या भाकरी थापल्या. उन्हाची कड अंगणातून सरकत तुळशीपाशी गेली, मग कुंपणाच्या भिंतीवर चढली. एवढा वेळ मी दुकान कधी सोडून बसत नाही. अण्णा दर थोड्या वेळानं सूर्याकडं बघत होते आणि मीही बघायला लागले. थांब गं बाई, असं मी मनात म्हणत होते, जिला मी कधी पाहिलं नाही तिला. थांब आता, तुझा माणूस उपाशी आहे.

शेवटी रेकॉर्डिंगमध्ये धमक मंद झाली, एक मुसळ आदळलं, मागून आणखी एक, आणि मग काही नाही. त्या शांततेत खोक्यातून एका बाईचा आवाज आला, लांबून, दमलेला: "श्रद्धा, अण्णांचा पाट मांड गं." तो अण्णांना ऐकू येण्यासारखा नव्हताच. पण श्रद्धा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती "हां आई" म्हणाली आणि तिथंच तिनं चौकट धरली.

अण्णांच्या पाठीला भिंत होती. धमक थांबलेली त्यांना आमच्या आधी कळली असणार. ते उठले. काठी बाकड्यालाच टेकून राहिली. रांजणापाशी जाऊन त्यांनी हात धुतले, पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, उपरण्यानं पुसलं. घाई केली, वाळलेला माणूस करू शकतो तेवढी. श्रद्धा पुढं झाली तशी हरणाबाईंनी तिचा हात धरून तिला मागं ओढलं.

ते पत्र्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत रिकामा चौथरा होता आणि त्यावर आमचं खोकं. दिवस अजून वर होता, त्यांच्या पायांपर्यंत ऊन आलं होतं.

"आलो गं," अण्णा म्हणाले. त्यांना वाटलं असेल ते हळूच बोलले. "लगीच आलो. आज रुसलो न्हाई."

मग ते वळले, स्वयंपाकघरात गेले आणि पाटावर बसले. श्रद्धानं ताटात भाकरी वाढली.